आपल्या घराचा इतिहास

इतिहास हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया व राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. जळगाव जामोदच्या मुलास आपल्या जिल्ह्याचा इतिहास विचारला तर तो सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्याचे नाव घेतो. फार तर १८०३ च्या नोव्हेंबरात आपल्या पूर्वेस आडगाव येथे झालेली लढाई सांगतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या ओसरीवर बसून तो हा धडा पाठ करतो ती ओसरी कोणी बांधली, तिच्याखालची जागा कोणाच्या हातून आली, असे विचारले तर तो आजोबांकडे पाहतो, आणि आजोबा सांगतात, "घर वडिलोपार्जित आहे." वडिलोपार्जित ह्या एका शब्दाने दहा प्रश्नांची तोंडे बंद होतात. ती कशी उघडावी, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

थोरांच्या घरांचा इतिहास आपणांस आयता मिळतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली व त्यास १६,११० रुपये खर्च आला, हे आज शाळेतील मुलासही सांगता येते, कारण बांधणारांचा हिशेब ठेवणारे कारकून होते. सामान्य घरास असे दफ्तर नसते असा समज आहे. आमच्या मते तो खरा नाही. सामान्य घरासही दफ्तर असते. फक्त ते चार कचेऱ्यांत, दोनतीन लिप्यांत व एखाद्या गंजलेल्या पेटीत विखुरलेले असते, आणि ते जुळविणारा कारकून आपणच व्हावे लागते.

ह्या कामाचा पहिला नियम असा की, आजपासून आरंभ करावा व एकेक पायरी मागे जावे. नवशिके नेमके उलट करतात. 'ऐन-ए-अकबरी'त नरनाळा सरकारच्या परगण्यांत जळगावचे नाव आहे, एवढे कळताच त्यांस आपले घर अकबराच्या वेळचे वाटू लागते. गावाचे वय ते घराचे वय नव्हे. वरून खाली उडी मारणाऱ्याच्या हाती दंतकथा लागते. खालून वर चढणाऱ्याच्या हाती निदान एक खरे नाव लागते.

तेव्हा प्रथम आजचा कागद पाहावा. ज्या शहरी जागेचे भूमापन झाले आहे तिची आखीव पत्रिका मिळते. तीवर जागेचा क्रमांक, क्षेत्र व एकामागून एक आलेल्या धारकांची नावे असतात, आणि प्रत्येक नावापुढे ते कशाने आले, वारसाने की खरेदीने, हे लिहिलेले असते. नगरपरिषदेची कर-आकारणीची नोंदवही व खेड्यांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे दुसरे साधन. ह्यांतून घराचे वर्णन कळते: माती-विटांचे की पक्के, कवेलूचे की धाब्याचे, किती खणांचे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर कोण भरीत होता हे ह्या नोंदीवरून सिद्ध होते. मालक कोण होता हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. भाडेकरू, जावई, धाकटा भाऊ ह्यांनीही कर भरलेला असतो.

जुन्या जमाबंदीच्या कागदांत आपले घर सापडेल अशी पुष्कळांची आशा असते. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणीस १८६१ त प्रारंभ झाला, व त्या वेळचे कागद फार मोलाचे आहेत. पण सरकारास सारा हवा होता तो काळीचा. शेताशेताची नोंद झाली. पांढरीतील घरे वेगळी मोजण्याचे तेव्हा कारण नव्हते. खेड्यापाड्यांतील गावठाणांची घरवार मोजणी तर पुष्कळ ठिकाणी अगदी अलीकडची आहे; २०२० त सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ती ड्रोनच्या साह्याने हाती घेतली. म्हणून घराचा शोध घेणाऱ्यास शेताच्या कागदांपेक्षा खरेदी-विक्रीचे दस्त अधिक उपयोगी पडतात.

दस्तांचे भांडार म्हणजे दुय्यम निबंधकाची कचेरी. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचा खरेदीदस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो, व त्याची नक्कल कचेरीच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये राहते. ह्या पुस्तकास दोन सूची असतात. पहिलीत लिहून देणार व लिहून घेणार ह्यांची नावे, दुसरीत मिळकतींची नोंद. हे पुस्तक व त्याच्या सूची फी भरून कोणासही पाहता येतात आणि नक्कलही मागता येते, ही गोष्ट आमच्या अनुभवाने फारच थोड्या पालकांस ठाऊक असते. मृत्युपत्रांचे पुस्तक मात्र असे सर्वांस खुले नाही. शोधाची रीत सोपी आहे: आपल्या घरातील ज्या पुरुषाने किंवा स्त्रीने घर घेतले तिचे नाव पहिल्या सूचीत काढावे, दस्त वाचावा, त्यात विकणाऱ्याचे नाव मिळते, मग त्याच नावाने मागच्या वर्षांच्या सूचीत शिरावे. साखळीची एक कडी दुसरीस धरून असते. कडी तुटली तर समजावे की मध्ये वारसाहक्क, वाटणी किंवा बक्षीस झाले आहे, आणि तिकडचा माग काढावा.

ह्याच कायद्यात गावातील घराचे वर्णन कसे लिहावे हेही सांगितले आहे. घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यात आज कोण राहतो व पूर्वी कोण राहत होता, हे लिहावयाचे असते. घरांस क्रमांक असल्यास तोही. कायदा करणारांस वाद टाळावयाचे होते. इतिहासाची सोय ही त्यांच्या हातून सहज घडलेली कृपा आहे. चतुःसीमेत पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी बोळ, असे जे लिहिलेले असते त्यावरून आपले घर तर कळतेच, पण चार शेजारी फुकट कळतात. दहा घरांचे दस्त जुळले की आळीचा नकाशा तयार होतो.

आता आपल्या तालुक्याची एक विशेष अडचण सांगावयास हवी. घर जागचे हलले नाही, पण त्याचा जिल्हा हलला, प्रांत हलला, राज्यही हलले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले व हैदराबादच्या रेसिडेंटाकडे राहिले. १९०३ त ते मध्यप्रांतास जोडले गेले. जळगाव तालुका ऑगस्ट १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. तेव्हा खामगावाबरोबर तो बुलढाण्यास आला. १९५६ त आपण मुंबई राज्यात गेलो व १९६० त महाराष्ट्रात. ह्याचा अर्थ असा की, ज्याला १९०५ पूर्वीचा जिल्ह्याचा कागद हवा आहे त्याने बुलढाण्यास हेलपाटे घालण्यापूर्वी अकोल्यास विचारावे. प्रांताच्या कारभाराचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधावे. आणि निजामशाहीच्या काळापर्यंत मजल गेलीच तर हैदराबाद व फारसी ह्या दोहोंची तयारी ठेवावी. शिवाय सूचीत नुसते 'जळगाव' दिसले की हुरळून जाऊ नये. ते बहुधा खानदेशातले असते. आपल्या गावास शेजारच्या जामोदाचे नाव चिकटले ते हा घोटाळा टाळण्यासाठीच.

कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. जुन्या खाजगी चिठ्ठ्या व हिशेब मोडीत असतात. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत, म्हणून प्रथम माणसास भोवळ येते. परंतु महिनाभर नेटाने बसले तर नावे व आकडे ओळखू येतात, आणि घराच्या शोधास आरंभी तेवढे पुरते. २०२३ पासून राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणणारांस एकाएकी मागणी आली. तोवर ह्या लिपीकडे कोणी फारसे फिरकत नव्हते. आमच्या मुलांपैकी दोघांतिघांनी जरी ती शिकून घेतली तरी गावाची सोय होईल.

आपल्याकडील दस्तांची भाषा निजामी वळणाची आहे. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे दिसली तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता असे वाचावे, 'ए. कु. क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. सनांची भानगड याहून मोठी. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सन दोन प्रकारचा: दक्षिणेकडील गणनेत ५९० किंवा ५९१ मिळवावे, उत्तरेकडील गणनेत आणखी दोन. म्हणून एकाच सनावर विसंबू नये. त्याच कागदात तिथी, वार, चंद्र किंवा दुसरा सन आहे काय ते पाहून ताळा घ्यावा. मुद्रांकाचा कागदही साक्ष देतो. पाचव्या जॉर्ज बादशहाचे चित्र छापलेल्या कागदावर १८९० चा व्यवहार लिहिलेला असेल, तर तो कागद नक्कल तरी आहे किंवा लबाडी तरी. कारण हा बादशहा गादीवर आला तो १९१० त.

इतके झाल्यावर कल्पनेनेच एक घर उभे करू, म्हणजे रीत ध्यानात येईल. समजा, घरात सर्वांचा समज असा की हे घर पणजोबांनी बांधले. शोध करता १९३७ चे एक वाटणीपत्र मिळाले. त्यात दोन भावांनी चार खणांचे माडीचे घर वाटून घेतले व ते 'वडिलांनी १९०२ साली खरेदी केलेले' असे लिहिले. म्हणजे बांधलेले नव्हे, विकत घेतलेले. मग १९०२ चा दस्त काढला. लिहून देणार एक बेवा, स्वतःकरिता व अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. कारण, नवऱ्याचे कर्ज व पोटगी. मिळकत, दोन खणांचे धाब्याचे घर. येथे घाईने दोन चुका होऊ शकतात. पहिली, आजीचे सांगणे खोटे ठरविणे. दोन्ही दस्तांची वर्णने शेजारी ठेवून पाहा: १९०२ त दोन खण व धाबे, १९३७ त चार खण व माडी. मधल्या पस्तीस वर्षांत दोन खण व माडी कोणी तरी चढविली, आणि ते पणजोबाच असणार. आजीची आठवण खरी होती, फक्त अर्ध्या घरापुरती.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. १८९९-१९०० ह्या वर्षी, म्हणजे संवत १९५६ च्या दुष्काळात, वऱ्हाडाचे फार हाल झाले. त्यानंतर दोन वर्षांनी एका विधवेने घर विकले आहे, किंमत थोडी दिसते. वाचणाऱ्याच्या मनात येते की, आमच्या पणजोबांनी अडलेल्या बाईचे घर घशात घातले. किंवा तो दस्त घडी घालून पुन्हा पेटीत ठेवावा व कोणास सांगू नये. हे दोन्ही निकाल साक्षीपुरावा होण्यापूर्वीचे आहेत. त्याच पुस्तकात त्याच वर्षीचे त्याच आळीतले दुसरे पाचसात दस्त वाचावे व त्यांतल्या किमती पाहाव्या. दस्तात ठराविक मुदतीत पैसे परत केल्यास घर परत देण्याची अट आहे काय, हेही पाहावे. असल्यास ती मुदतखरेदी, म्हणजे बहुतकरून खरेदीचा अंगरखा घातलेले गहाणच. आधीच्या वर्षांत त्याच घरावर सावकाराचे गहाणखत निघाले, तर पणजोबांनी बाईस सावकाराच्या हातून सोडविले असेही दिसून येईल. आणि शोधाअंती किंमत खरोखरच अन्यायाची ठरली तर तेही लिहून ठेवावे. त्या अज्ञान मुलाचे पुढे काय झाले, ते शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत व कोतवाल बुकात पाहावे. त्याची नातवंडे कदाचित आपल्याच वर्गात बसत असतील. आमच्या मते ह्या सर्व शोधात घराचे वय हा गौण प्रश्न आहे. ते कोणाच्या हातून आले, आणि त्या हाताची त्या वेळी काय स्थिती होती, हा मुख्य.

कागदाची किंमत ज्यांनी पुरती ओळखली होती त्यांनीच ते जाळलेही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून आगीत टाकली, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. तेथे धान्य लुटण्याहून खते जाळण्याकडे लोकांचा ओढा अधिक होता, हे विसरता कामा नये.

कोतवाल बुकाचे नाव वर आलेच आहे. जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल पुष्कळ पालकांनी काढलेली असते व काम झाल्यावर ती फडताळात पडून राहते. ती पुन्हा काढून नीट वाचावी: जन्म-मृत्यूच्या नोंदीत गाव, बापाचे नाव व तारीख मिळते, आणि घरात राहणारांची पिढी लागते. हिंदू कुटुंबांस नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, मुसलमान कुटुंबांस निकाहनाम्यांत, ख्रिस्ती कुटुंबांस मंडळीच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्यांत असाच आधार सापडतो. विलायतेत खानेसुमारीची घराघराची पत्रके शंभर वर्षांनी लोकांस वाचावयास मिळतात. १९२१ ची २०२२ त खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने ती पाहण्यास बंद आहेत, म्हणून हा मार्ग येथे चालत नाही.

पण ज्यांच्या घरांस दस्तच नाही त्यांचे काय? शंभर रुपयांच्या आतले घर नुसता ताबा देऊनही विकता येत असे. त्यामुळे गरिबांची असंख्य घरे नोंदणीच्या पुस्तकात आलीच नाहीत. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, सरकारी जागेवरच्या झोपड्या, सातपुड्याच्या कुशीतील आदिवासींचे पाडे ह्यांचा इतिहास चतुःसीमेत फार तर 'पलीकडे वस्ती' एवढाच उरतो. तेथील मुलांनी निराश होऊ नये, आणि आपला इतिहास नाही असे तर मुळीच म्हणू नये. कोतवाल बुक व शाळेची नोंदवही त्यांसही आहे. त्याहून मोठे साधन म्हणजे वृद्ध माणसे. त्यांस 'केव्हा' असे विचारू नये, 'कशाच्या आधी' असे विचारावे. घर मोठ्या पुराच्या आधी शेकारले की नंतर, थोरल्या मुलीच्या लग्नात माडी होती काय, असे विचारले की वर्षे आपोआप जुळत येतात. उत्तर त्यांच्याच शब्दांत, विचारल्याच्या तारखेसह उतरून घ्यावे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. कचेरी उद्याही उघडी राहील, आजी राहीलच असे नाही.

शेवटचा साक्षीदार म्हणजे घर स्वतः. सागाचे खांब, तुळया, कोनाडे, बुजविलेली दारे हे सर्व काही सांगतात. परंतु त्यांचीही उलटतपासणी हवी. चौकटीवर शक कोरलेला असला तर तो चौकटीचा शक. चांगली चौकट एका घरातून दुसऱ्यात जाते. मंगळुरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ त काढला, आणि आगगाडी मलकापूर, नांदुऱ्यावरून पुढे जाऊन १८६७ त नागपुरास पोहोचली. तेव्हा अशी कौले ह्या बाजूस त्यानंतरचीच. पण त्यावरून भिंतीचे वय ठरत नाही. छप्पर भिंतीहून तरुण असणे हाच घरांचा नियम आहे. कौल उलटे करून पाहावे, कारखान्याचे नाव पुष्कळदा पाठीवर असते.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांस पानिपतच्या काळची पत्रे वाई येथे मिळाली आणि त्यांतून १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला. आमच्या वऱ्हाडासाठी बुलढाण्याच्या यादव माधव काळे ह्यांनी १९२४ त 'वऱ्हाडचा इतिहास' प्रसिद्ध केला. असे ग्रंथ घराघरांतून कागद निघाले म्हणून होऊ शकले. आज जुने घर वाटणीत पाडले जाते तेव्हा सागाचे लाकूड मोजून विकले जाते, आणि पेटीतले बाड न मोजता रद्दीत जाते.

म्हणून ते कसे ठेवावे हे सांगून लेखणी थांबवितो. कागद चिकटपट्टीने जोडू नयेत व त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण भाजून बसवू नये. दोन्हींनी ते नासतात. ऊन न लागू देता सावलीत वाऱ्यावर झटकावे, घड्या हळू उलगडाव्या, सुती फडक्याच्या रुमालात बांधावे, जशी पेशवे दफ्तरातली बांधली आहेत. यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतले तेव्हा खरेदीपत्राच्या दोन प्रती, एक मोहोरबंद व एक उघडी, मातीच्या मडक्यात ठेवविल्या होत्या. आपल्याकडील पावसाळ्यात मडक्याहून पत्र्याची पेटी बरी, आणि ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेऊन त्याची एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मामाकडे, असू द्यावी. कागदाच्या पाठीवर शाईने काही लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेनने तो कोणाच्या पेटीत, कोणत्या दिवशी सापडला व त्या वेळी त्याच्यासोबत दुसरे कोणते कागद होते, एवढे लिहून ती चिठ्ठी त्याच रुमालात घालावी.